मामांचं मानसरोवर

आमच्या जवळा बाजारच्या मामांचं ऐकलं का? तिबेटात जाऊन मानसरोवर पाहून आले अन् परवा यात्रेचं मावंदं घातलं. मलाही जायचंय, म्हणून जेवणं झाल्यावर विचारलं, "मामा, तिकडले डोंगर कसेत?"

"उघडेबोडके. साधी बाभळ न्हाई."

"अन् कैलास?"

"ढगात व्हता. बराबर दिसलाच न्हाई."

"मंग सरोवर तरी?"

मामा सावरून बसले. "काय सांगू लेकरा! निळंशार पाणी, नजर पुरत न्हाई. काठावर बसलो अन् रडूच आलं."

जेवायला आलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. मामींनी डोळ्याला पदर लावला. मी हळूच विचारलं, "रडू काहून आलं, मामा?"

"आरं, एवढं पाणी, अन् काठावर कुणी एक मोटर बसवली न्हाई!"