डॉक्टरांची लाकडं

इंग्रजीचं काय सांगता, आमच्या मामींना त्या इंग्रजीनं धंतोलीतल्या दवाखान्यात पार रडवलं होतं. मामांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. कुहीहून आलेल्या मामी सकाळपासून माझ्या शेजारी बाकावर बसून होत्या, पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. दुपारी एक तरुण डॉक्टर बाहेर आले आणि हसून म्हणाले, "ही इज आउट ऑफ द वुड्स."

मामी सातवी शिकलेल्या. वुड म्हणजे लाकूड, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी हंबरडाच फोडला. "लाकडं आणाले सांगून राहिले हे."

"मामी, धोका टळला म्हणतात ते," हे मी समजावेपर्यंत अख्खा मजला गोळा झाला.

मामींनी डोळे पुसले. "मंग तसं सांगा ना, डॉक्टरसाहेब. चांगल्या माणसाच्या नावानं लाकडं काहून काढता?"

डॉक्टरांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मी मामांना सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "खरंच रडली का गा?"

"लय रडल्या."

मामा डोळे मिटून म्हणाले, "आता टाके दुखले तरी चालन मले."