माहेरचा पाऊस

...आता तुम्हीच सांगा, लख्ख ऊन पडलंय, सासूबाईंनी अंगणात जोंधळे वाळत घातलेत, आणि मी म्हणतेय, म्हशीला सोडा, वरच्या शाळेत जाऊया... कोण ऐकणार माझं? माहेरचा पाऊस म्हणजे आमच्या घरात थट्टेचाच विषय.

माझं माहेर शाहूवाडीकडं, डोंगरात. पाऊस लागला की चार महिने लुगडी चुलीवर वाळवायची. आणि मला दिली शिरोळकडं, नदीकाठाला. जिल्हा एकच हो, पण इथं ढग येतात ते नुसते पुढं जायला. सासूबाई, रत्नव्वा, म्हणायच्या, "पंचमीला न्यायला येताना भावाला पिशवीतनं पाऊस आणाय सांग की गं." तो कुठला येतोय? ऐन पंचमीला तिकडं भाताची लावण, ओढ्याला पाणी, वाट बंद. दरवर्षी गुंडूचं एकच, "अक्का, औंदा जमत न्हाय." माहेरचा पाऊस आडवा...

तर दोन हजार पाच साल. पंचमी तोंडावर, आणि गुंडूचा फोन. मला वाटलं, येतोय! तर म्हणतो, "अक्का, हितं आभाळ फाटलंय, धरणाचं पाणी सोडलंय, ते तुमच्याकडंच येतंय. जनावरं घेऊन वर जावा."

सासूबाईंनी कपाळावर हात धरून वर बघितलं. "कुठाय पाऊस? माहेरचा पाऊस माहेरातच ऱ्हाऊ दे."

राहिला नाही. वरून थेंब नाही, आणि संध्याकाळी नदी चोरपावलानं अंगणात. जोंधळे तरंगायला लागले, तेव्हा सासूबाई गोठ्याकडं धावल्या. गवरी म्हैस त्यांनी पारडी असल्यापासून वाढवलेली, त्यांच्याशिवाय कुणाला धार देत नव्हती. दावं भिजून गाठ आवळलेली, नखं तुटली तरी सुटेना. विळा शोधायला कुणाला सुचावं... छातीएवढ्या पाण्यातनं शेजारच्या लालासाबनं त्यांना ओढून नावेत घातलं. "मावशी, सोडा आता." मागनं गवरी हंबरत होती. मग हंबरायची थांबली.

शाळेच्या व्हरांड्यात मी वाट बघत बसले, आता माझ्या माहेराचा उद्धार होणार. सासूबाई तुटक्या नखांकडं बघत एवढंच म्हणाल्या, "तू सांगितलं हुतंस."

आता पावसाळ्यात त्या आभाळाकडं बघत नाहीत. सकाळी उठलं की, "भावाला फोन लाव. तिकडं हाय का पाऊस?" आणि गोठा रिकामा असला तरी खुंट्याला विळा अडकवून ठेवतात.

गुंडू? अजून यायचाय. माहेरहून न्यायला म्हणून दारात आलं ते तेवढं पाणीच... पण आलं ते राहिलं मात्र चांगलं आठवडाभर.