शिडीवरचं फडकं

मुकादम : बस की. सही करायला बोलावलंय, सुळावर चढवायला नाही.

मेव्हणा : कसली सही, दाजी?

मुकादम : युनियनच्या अर्जातून नाव काढायची. सगळ्यांनी काढलं, तू एकटा उरलास. तुझं निघालं की सुरक्षेचे पट्टे, जाळी, सगळं सोमवारी येतंय. साहेबांनी शब्द दिलाय.

मेव्हणा : म्हातारा गवंडी वरून पडला तेव्हाही सोमवारीच येणार होतं. तीन दिवस काम बंद करून सगळे खाली बसलो, तेव्हा कुठे एवढं पदरात पडलं. परांची मी बांधायची, मीच तपासायची, आणि शिडीला माझं लाल फडकं असेपर्यंत कुणी वर चढायचं नाही. तुम्हीही बसला होतात.

मुकादम : तेव्हा मी मुकादम नव्हतो.

मेव्हणा : ताईनं पण नाव काढलं?

मुकादम : काल. मीच काढायला लावलं. माझ्याच बायकोचं नाव अर्जात, मग साहेबांना काय तोंड दाखवू?

मेव्हणा : तरीच सकाळी माझ्याशी बोलली नाही. बरं, निघतो मी. चौथ्या मजल्यावरचा चिरलेला बांबू काढलाय, नवा घालायचाय. तुमचा निरोप आला म्हणून काम तसंच टाकून आलो.

मुकादम : चहा तरी पी. ग्लास पोळतोय? हे घे धरायला.

मेव्हणा : दाजी, हे फडकं कुठून आणलंत?

मुकादम : शिडीवरून. गिलावा खोळंबला म्हणून साहेब डोकं खात होते. आता युनियनच नाही, तर फडकं कशाला?

मेव्हणा : वर कोण गेलंय?

मुकादम : गवंडी तयार होईनात. मग मी तिला म्हटलं, तू घमेलं घेऊन पुढे हो. मुकादमाचीच बायको चढलेली दिसली, की बाकीचे येतील मागून.

मेव्हणा : ताईला पाठवलंत?

मुकादम : असा बघू नकोस माझ्याकडे. तो बांबू कुठला काढलास?

मेव्हणा : कोपऱ्यातला. तिथली फळी आता एकाच टोकाला टेकलीय.

(दोघे ऑफिसच्या दारात येऊन वर पाहतात.)

मुकादम : कोपऱ्याकडेच निघालीय रे ती. थांब, हाक मारतो.

मेव्हणा : नका मारू, दाजी. डोक्यावर घमेलं आहे. तुमचा आवाज ऐकला की वळेल ती.