चार महिने काम बंद

साताऱ्याच्या स्टँडवर दहिवडीच्या गाडीची वाट पाहत दीपमाला मांडीवरच्या ओवीला थोपटत होती. मागच्या बाकावर एक इंजिनिअर शेजारच्या म्हातारीला सांगत होता.

"आजी, धोका नको म्हणून तुमच्या गावच्या टाकीला कोयनेकडचं जुनं कंत्राट मी जसंच्या तसं उतरवलं. त्यात कलम होतं, पावसाळ्यात चार महिने काम बंद."

"आवं सायेब, आमच्या माणात पाऊस कुटला?"

"ठेकेदार भर उन्हात कलमावर बोट ठेवून बसलाय. म्हणतो, पावसाळा आहे."

"मग टाकीचं पानी कवा?"

"दिवाळीनंतर. तेच सांगायला गावात चाललोय."

"एकलंच?"

"कंत्राटात सगळे धोके लिहिले, आजी. हाच राहिला."

"बाया घागरी घिऊन फाट्यावरच उब्या असत्यात. माज्या मागनं उतरा."