शून्य न घेणारा रकाना

अरे, घाईत भरलेला एक आकडा मला अजून आठवतो. डहाणूत आमची सहकारी पतसंस्था आहे, मी तिथे कारकून. इस्लामच्या शिकवणीप्रमाणे ती व्याज घेत नाही. सभासद मात्र सगळ्या धर्मांचे. त्या वर्षी सरकारला द्यायचा अहवाल पहिल्यांदाच नव्या सॉफ्टवेअरमधून ऑनलाइन भरायचा होता; सभासदांची कर्जखातीही त्यालाच जोडलेली होती. व्याजदराच्या रकान्यात शून्य टाकलं की पान पुढे सरकेना. शेवटी मी एक टक्का टाकला आणि मोकळा झालो.

दोन दिवसांनी जवळच्या आगर गावच्या मंजुळाबाई आल्या. त्या सुकी मासळी विकतात, वजनकाट्यासाठी त्यांनी आमच्याकडून कर्ज घेतलं होतं. त्या सॉफ्टवेअरने त्यांना व्याजाचा मेसेज पाठवला होता. त्यांनी व्याजाचे पैसे टेबलावर ठेवले.

"बाई, आपण व्याज घेत नाही," आमचे सेक्रेटरी हमीदचाचा म्हणाले.

"ठाऊक आहे. पण संस्थेची काही अडचण असेल म्हणून लावलं असेल. माझ्या अडचणीला तुम्ही उभे राहिलात ना."

एक टक्का मीच टाकल्याचं मी सांगितलं. चाचांनी पैसे परत दिले आणि ते माझ्याकडे वळले. "अहवाल दुरुस्त कर. उशीर झाला तर दंड भरू. बाईंची माफी मात्र आत्ताच माग."

मी मागितली. मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "तुझी नोकरी नाही ना जाणार?"