बंद शाळेचा फोटो

साहेब : ते सगळं राहू दे. कुलूप कोणी काढलं, ते आधी सांगा.

काशी : मी. शाळा समितीत हाय मी. किल्ली माझ्याकडंच असते, झाडलोट करायला.

साहेब : काशीताई, आज शुक्रवार. नवीन आदेशाप्रमाणे लहान शाळा शुक्रवारी आणि शनिवारी बंद. केंद्रप्रमुख म्हणून मी स्वतः ग्रामसभेत येऊन वाचून दाखवलं होतं.

काशी : ऐकलं ना. कानात बोळे नव्हते आमच्या.

साहेब : मग ही पोरं आत कशी?

काशी : बसल्येत. बाकं बसायलाच दिलीत ना सरकारनं? की बाकांनाबी शुक्रवार-शनिवार सुट्टी?

साहेब : नम्रता मॅडम कुठे आहेत?

काशी : बाई वर सड्यावर गेल्यात, मोबाईल घेऊन. तुमची माहिती भरायला. हितं रेंज न्हाय. वर कातळावर उभं राहून हात उंच केला की एखादी काडी येते.

साहेब : त्यासाठीच तर हे दोन दिवस मोकळे दिलेत. शिक्षकांना माहिती भरायला वेळ मिळावा म्हणून.

काशी : कसली वो माहिती?

साहेब : मुलांची प्रगती. कोणाला वाचता येतं, कोणाला वजाबाकी जमते.

काशी : म्हंजे पोरं किती शिकली ते लिवायला पोरांचं शिकणं बंद. कोणाच्या डोक्यातनं आलं हे? एकदा आमच्याकडं जेवायला बोलवा त्याला. बघूया तरी, माणूस दिसतो कसा.

साहेब : आदेश वरून येतो. मी फक्त पोचवतो.

काशी : पोस्टमनपण पोचवतो. पण पत्र वाचलंत की न्हाय ते तपासायला तो परत येत न्हाय.

साहेब : हे बघा, चेष्टा नको. सगळ्यांना घरी पाठवा आणि कुलूप लावा.

काशी : कुठल्या घरी? बायका काजूच्या कारखान्यात, बापये मुंबईला. घरांनाच कुलपं हायत. दर शुक्रवारी-शनिवारी आमच्यातली एक बाई कामावर खाडा करते नि हितं बसते. आज माझी पाळी.

साहेब : आणि शिकवता काय तुम्ही?

काशी : मी? मी सातवी नापास. चौथीच्या पोरी पहिलीवाल्यांना वाचून दाखवतात. मी दारात बसून ऐकतंय. कोणी मारामारी केली तर सोडवतंय. तुमच्या आदेशापेक्षा बरंच चाललंय.

साहेब : ती खिडकीजवळची मुलगी. तिच्या हाताला फडकं कशाला बांधलंय?

काशी : माझी ईशा ती.

साहेब : पडली का?

काशी : न्हाय. तुमचा आदेश आला, तो पहिलाच शनिवार. घरात एकटी कशी ठेवू, म्हणून कारखान्यावर संगती नेली. मालक पोरांना आत घेत न्हाय, त्याचं बरोबरच हाय. बाहेर झाडाखाली बसवली. तिथं पलीकडं काजूच्या टरफलांचा ढीग होता. ही त्याच्यात भातुकली खेळत बसली. टरफलाचं तेल ठावं हाय ना तुमाला? दोन्ही तळव्यांची सालटी निघाली. डावा बरा झाला, उजव्यात पेन्सिल धरवत न्हाय अजून.

साहेब : डॉक्टरला दाखवलंत?

काशी : लांज्याला नेली ना. हेपण लिवा तुमच्या माहितीत. जागा असली तर.

साहेब : काशीताई, जरा ऐका माझं. मलाही वर उत्तर द्यावं लागतं. शाळा बंद असल्याचा फोटो आजच पाठवायचाय. आपण असं करू. दार नुसतं ओढून घ्या, बाहेरून कडी घाला. पोरं राहू देत आत. दोन मिनिटं आवाज करायचा नाही. मी फोटो काढतो आणि निघतो. इथे मी काही बघितलं नाही.

काशी : म्हंजे पोरांना शाळेतच लपवायचं. शाळेत आली म्हणून.

साहेब : तुमच्याच भल्याचं सांगतोय. नोटीस तुम्हाला नाही यायची, मॅडमना येईल.

(नम्रता बाई सड्याची पायवाट उतरून अंगणात येतात. उन्हानं चेहरा लाल झालेला, हातात मोबाईल.)

नम्रता : नमस्कार सर. कधी आलात?

साहेब : बरं झालं, आलात. यांना समजवा. दार ओढायचं, एक फोटो, विषय संपला.

काशी : बाई, नोकरी तुमची हाय. तुमी म्हणाल तर ओढतंय मी दार. पण सांगून ठेवतंय. हा फोटो वर गेला की वरची माणसं म्हणतील, बघा, शाळा बंद केली नि गावाची काय तक्रार न्हाय. मग गुरुवारपण घेतील.

नम्रता : सर, माहिती आजही गेली नाही. अर्ध्यावर अडकली.

साहेब : ती नंतर बघू. आधी हे मिटवा.

नम्रता : ईशाच्या नावावर अडकली. लेखनात प्रगती आहे का, हो की नाही. मी तिथे उन्हात उभी राहून 'हो' दाबत होते. कारण 'नाही' दाबलं तर खाली विचारतात, शिक्षकाने काय प्रयत्न केले.

साहेब : सगळेच 'हो' दाबतात, मॅडम.

नम्रता : ठाऊक आहे.

साहेब : तुमची देवरूखची बदली अजून व्हायचीय. आई एकट्या असतात ना तिकडे? जरा विचार करा.

नम्रता : करतेय सर.

काशी : ओढू का, बाई?

नम्रता : नको. सर, काढा फोटो. आहे तसा.

साहेब : पोरं दिसतील त्यात.

नम्रता : दिसू देत. थांबा, मीही आत जाऊन उभी राहते.

(नम्रता बाई पोरांमध्ये जाऊन उभ्या राहतात. साहेब फोटो काढतात.)

साहेब : हा फोटो गेला तर नोटीस नक्की. मग माझ्याकडे रडत येऊ नका.

नम्रता : नाही येणार.

काशी : पण सायेब, हितनं जायचा न्हाय तो. सड्यावर चढायला लागेल तुमाला. वाट त्या गोठ्यामागनं हाय. सांभाळून जा, कातळ तापलाय.

साहेब : जातो मी. बघतो काय करायचं ते.

काशी : गेला वो. बाई, पाठवील का तो?

नम्रता : पाठवील. नाही पाठवला तर त्यालाच नोटीस येईल.

काशी : मग आता काय करायचं, बाई?

नम्रता : शिकवायचं. खडू कुठे ठेवलाय?