फवारा मारलेला पाव्हणा

—न्हाय न्हाय, पाव्हणं, असं उभ्या उभ्या कुठं बोलत्यात व्हय? बसा की. हितं बसा, ह्या दगडावर. घरावरचा पत्रा तापलाय, आत बसलं की जीव बेजार — हितं वडाची सावली हाय, वढ्याकडनं जरा वारं बी लागतंय. बसा. हर्षालीला पाणी आणाया सांगितलंय, आणंल ती. तुमी ज्या कामाला आलात ते बी बोलू, घाई न्हाय. एवढ्या उन्हात एस्टीनं अणदूरला उतरलात, तितनं चालत आलात, आन तरी बगा, अंगाला घामाचा वास म्हणून न्हाय. फवारा मारून आलात व्हय? — लाजायचं काय त्यात. तुमी बांधावर व्हता तवाच मला कळलं. माझं नाक लई तिखट हाय, आमची उमाबाई म्हणती, धनाजीराव, तुमी मागल्या जन्मी कुत्रं व्हता. आमी फवारा मारतो तो तुरीवर, अळी पडली की. तुमी पोरं काखंत मारता. तितं कोणती अळी पडती वो? — हसा की, थट्टा केली.

पण मला एक सांगा, श्रेयसराव, खरंच लागतं का हे माणसाला? मी साठीला आलो, उभ्या जन्मात लावलं न्हाय. सकाळी अंगावर दोन तांबे पाणी, उन्हाळ्यात सांजचं आणखी दोन, सदरा रोजच्या रोज धुवायचा, लईच वाटलं तर काखंत तुरटीचा खडा फिरवायचा — झालं. घाम काय घाण हाय का? न धुता ठिवला तर घाण. माझी म्हैस मला वासावरनं वळखती, परक्याला कासंला हात लावू देत न्हाय. तान्हं ल्येकरू अंधारात आयला वळखतंय ते कशावरनं? आता तर म्हणं असलं बी निघालंय की घामच येऊ देत न्हाय, भोकंच बुजवतंय. उत्कर्षराव सांगायचे मला, तुमचं थोरलं भाऊ. तेंच्याकडं दोन्ही व्हतं, एक वास झाकायला, एक घाम बंद करायला. मी म्हणलं, जावईबापू, शेतात चार तास राबा की, मग बघू कोणचं टिकतंय. तर हसले. हसायला लई चांगले व्हते ते, मी न्हाय म्हणत न्हाय. लग्नात आमच्या गावच्या बाया म्हणल्या, हर्षालीनं नशीब काढलं.

वर बगू नका. — म्हंजी बगा, पण हळू बगा, मान झटकू नका. त्या आडव्या फांदीला. दिसलं? औंदा सात हायती. आग्या मोहोळ. सुपाएवढं एकेक पोळं, आन ते काळं दिसतंय ते मध न्हाय, समद्या माश्याच हायती, एकीवर एक बसलेल्या — उठू नका! उठलात की त्या बी उठत्यात. बसा गुमान, मी हाय की. मी रोज दुपारी हितंच आडवा होतो, एक माशी चावली न्हाय आजवर. का? तर त्येंना माझा वास म्हाईत हाय. माझ्या बापानं ह्याच झाडाचा मध काढला, मग म्या काढला, पंचवीस-तीस वर्षं काढला, पार बेंबळीकडनं लोक बोलवायला यायचे. मध काढायचा तर दोन दिवस आधी साबण बंद, केसाला तेल बंद, तंबाखू बंद, नवा सदरा बी घालायचा न्हाय. दिवस उगवायच्या आत काम उरकायचं, ऊन चढल्यावर पोळ्याकडं बोट बी करायचं न्हाय. आन अंगावर हे घोंगडं, डोसक्यापासनं पायापस्तोर. एवढं पाळलं की ती माशी गरीब हाय, गाईवानी.

ही बगा, एक आली तुमच्या कानापाशी. हात हलवू नका. चौकशीला आलीय ती, कोण आलंय, कसला वास मारतोय बगायला. फिरंल आन जाईल. मारलीत तर मातर घात हाय. कसं असतंय, माशी चावली की तिच्या काट्यातनं वास सुटतो — पिकल्या केळाचा वो, खोटं न्हाय सांगत — आन त्या वासावर बाकीच्या उतरत्यात. एका पोळ्यात किती असत्यात कुणी मोजल्यात? तुमच्या ह्या फवाऱ्याला बी कसल्या तरी फळाचाच वास हाय, न्हवं? उत्कर्षरावांचा बी अगदी असाच व्हता. तेंचीच बाटली का ही? — हां. कपाटात उरली व्हती. बरं केलंत, वस्तू वाया कशाला घालवायची.

इचारा की, मनात कशाला ठिवता. भाऊ कसा गेला हे इचारायचा तुमाला हक्क हाय. पोलिसांना सांगितलं तेच सांगतो. पौषात खंडोबाच्या जत्रेला म्हणून हर्षाली आली ती म्हायारीच राहिली, म्या धाडली न्हाय. तीन महिने झाले, तवा चैत्रात उत्कर्षराव न्यायला आले, मुक्काम केला, म्हणले मामा, आलोच हाय तर मध काढताना व्हिडिओ काढतो, धाराशिवच्या मित्रांना दाखवतो. मी पाटेचं उठवलं, उठले न्हाईत. अकरा वाजता आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, फवारा मारून आले, उजेडात व्हिडिओ चांगला येतो म्हणले. माझा नाइलाज झाला, जावयाचं मन मोडता येतं का? मी म्हणलं, लांब थांबा. ते मोबाइल घेऊन जवळ आले आन मोहोळ उठलं. मी घोंगड्यात व्हतो, ते उघडे. वढ्याकडं पळाले, वढ्यात पाणी न्हाय. दवाखान्यात नेस्तोर संपलं व्हतं. पंचनामा झाला, सही केली. तेवढंच हाय.

—ती माघारी का आली न्हाय म्हणता? तुमाला खरंच म्हाईत न्हाय? का माझ्या तोंडनं ऐकायचंय? बरं, ऐका. त्या जत्रंत पालखी निघाली, समद्यांनी भंडारा उधळला, सगळा माळ पिवळा झाला, आन माझी पोरगी डाव्या हातानं उधळती. उजवा हात छातीशी धरलेला. मी म्हणलं, हर्षे, देवाला डावा हात? तर म्हणली, आबा, दुखतोय, विहिरीवर मुरगळलाय. तुमच्या धाराशिवच्या घरी विहीर कुठंय वो? नळ हाय की चोवीस तास. घरी आल्यावर उमाबाईनं तिला कोंडून घेतली, झंपर काढाया लावलं. मी बाहीर वसरीत बसलो व्हतो. मग उमाबाई बाहीर आली आन भिताडाला टेकून खाली बसली.

काख जळाली व्हती पोरीची. चिमटाभर न्हाय, पार दंडापस्तोर, कातडं गोळा होऊन हात वरच जाईना. तुमचं भाऊ रोज रातीला तिचा हात वर करून हुंगायचे, म्हाईत हाय तुमाला? खेड्याचा वास जात न्हाय तुझा, म्हणायचे. मग स्वतःची बाटली घेऊन मारायचे तिच्यावर, तोंडावर, डोळ्यात. ती बिचारी दोनदा आंघोळ करायची, लिंबू लावायची, तुरटी लावायची, माझी पोरगी वो, तिच्या आयनं तिला दुधानं धुतल्यावानी वाढवली — तिला घामाची लाज वाटाया लागली. सयपाकघरात घाम यायचा तर ग्यास बारीक करून पुसायची. आन एक दिवस फवारा चालू असताना म्होरं लायटर धरला. भडका. चेष्टा केली म्हणले नंतर. औषधाला बी न्हेलं न्हाय, हळद लाव म्हणले. हे समदं तिनं आयला सांगितलं, मला न्हाय. माझ्याकडं ती बघतच न्हवती. मला लई राग आला व्हता, श्रेयसराव, एवढा की मला माझीच भीती वाटाया लागली. तीन महिने मला नीट भाकर गेली न्हाय. आन मग चैत्रात ते हसत आले, मामा, कसं काय, म्हणून पाया पडले. दुसऱ्या दिशी फवारा मारून अंगणात आले तवा मला तो फळाचा वास आला, तोच, पोरीच्या लुगड्यालुगड्यातनं म्या हुंगलेला. तोंडात आलं व्हतं माझ्या, जावईबापू, असल्या वासानं झाडाखाली जायाचं न्हाय, आधी नुस्त्या पाण्यानं आंघोळ करून या. म्या गिळलं ते.

काय म्हणलात? — न्हाय, मगाशी सांगितलं तसंच. लांब थांबा म्हणलं व्हतं. म्हणलं असंल की. पोलिसांनी लिहून घेतलंय तसं... असं टक लावून बगू नका, त्या माशीकडं ध्यान द्या, तीन झाल्यात आता. गळपट्टीवर बसलीय एक, बसू द्या.

न्हाय. लांब थांबा असं न्हवतं म्हणलं म्या. खोटं कशाला बोलू, तुमच्याबिगर हाय कोण ऐकायला. जवळ या म्हणलं. हितनं लई झ्याक दिसतंय म्हणलं, ह्या दगडावर उभं ऱ्हावा. ह्याच. मग पोळ्याला पेंढीचा धूर न देता नुस्ता बांबू टोचला आन घोंगडं वढून खाली बसलो. ते हाका मारत व्हते, मामा, मामा. मला ऐकू येत व्हतं. उमाबाईला बी सांगितलं न्हाय हे. वरीस झालं, जेवताना आठवतंय, पण झोप लागती मला. झोप लागती ह्याचंच नवल वाटतंय.

तर आता तुमचं. तुमच्या आयचा निरोप म्हंजी हर्षालीला परत धाडा, दिराशी पाट लावू, सून घरातली घरात ऱ्हाईल, लोक नावं ठिवणार न्हाईत. तुमी बी तयार हाय म्हणता. चांगली नोकरी हाय, बाटलीचं येसन न्हाय, हात उगारणारा माणूस न्हाय म्हणता. हर्षालीला इचारलं का? — न्हाय. तिला काय इचारायचं, बापाला इचारलं की झालं. बरं. मी बापच हाय. मग बाप म्हणून एक इचारतो, तेवढ्यावर ठरवू. भडका झाला त्या दिवशी तुमी घरात व्हता का?

—खाली बगू नका, माझ्याकडं बगा.

व्हता. कोणत्या खोलीत? — शेजारच्या. म्हंजी मधी एक भिताड. ती ओरडली असंल की. — ओरडली. किती येळ? ... आन तुमी काय केलं, श्रेयसराव? दार वाजवलं? भाऊ म्हणून हाक मारली? ... मोठ्यानं बोला, मला वारं लागतंय कानाला.

टीव्हीचा आवाज वाढवला.

हं. खरं बोललात, चांगलं झालं. मला वाटलं व्हतं न्हाय म्हणताल, कामावर व्हतो म्हणताल. तसं म्हणला असता तर मी तुमाला फाट्यापस्तोर सोडाया आलो असतो, एस्टीत बसवलं असतं. खोटं असतं तरी सोडलं असतं. — न्हाय, माफी मला कशाला मागता. आन हात कशाला जोडता, हात हलवू नका म्हणलं ना. दहा-बारा झाल्यात.

—हर्षे! ए हर्षाली! तितंच थांब! इकडं येऊ नको, बांध वलांडू नको! ... ऱ्हाऊ दे पाणी. तांब्या ठिव खाली. न्हाय, पाव्हण्याला तहान न्हाय. घरात जा माय, आयला बी आत घे, म्हशीला गोठ्यात ढकल. दार लाव. खिडकी बी लाव. ... का काय? बाप सांगतोय म्हणून लाव!

...

लागलं दार.

—माझ्या मागनं कुठं येताय, श्रेयसराव? हे घोंगडं एकाचंच हाय. तुमी बसा.